विसर्जनानंतर म्युनिक, इन्सब्रुक, साल्झबुर्ग: मद्य न घेणाऱ्या मित्रासोबत बेत कसा आखावा?

कोथरूडचा_प्रवासी

नमस्कार. मी आणि माझा महाविद्यालयापासूनचा मित्र, दोघेही पन्नाशी ओलांडलेले, २०२६ च्या सप्टेंबरअखेरीस पहिल्यांदाच युरोपला निघत आहोत. मित्र ढोलपथकाचा जुना कार्यकर्ता असल्यामुळे २५ सप्टेंबरची अनंत चतुर्दशी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालणारी मिरवणूक पार पडल्याशिवाय तो पुणे सोडणार नाही. म्हणून २७ च्या रात्री मुंबईहून थेट म्युनिकला जायचे आणि ६ ऑक्टोबरला परत निघायचे, असे ठरले आहे.

मला बिअरची आवड आहे आणि म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट, म्हणजे मोठमोठ्या तंबूंत भरणारा बिअरचा उत्सव (१९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर), पाहण्याची फार वर्षांची इच्छा आहे. मित्र मात्र शाकाहारी असून मद्य घेत नाही. माझ्या हौसेपायी त्याला तंबूत अवघडून बसावे लागू नये, एवढीच काळजी आहे. म्युनिक, इन्सब्रुक, साल्झबुर्ग आणि झुरिक ही चार शहरे मनात आहेत. क्रम कसा ठेवावा?

इसारकाठ

मी नोकरीनिमित्त सहा वर्षे म्युनिकमध्ये होतो, त्या अनुभवावरून लिहितो. झुरिक वगळा, आठ रात्रींत चौथे शहर आणि वेगळे चलन घेतले, तर निम्मा वेळ गाडीत आणि सामान उचलण्यात जाईल.

ऑक्टोबरफेस्टसाठी मंगळवार, २९ सप्टेंबर निवडा. त्या दिवशी कुटुंबांसाठी पाळण्यांचे दर कमी असतात आणि सकाळी अकराच्या सुमारास पोहोचल्यास आरक्षणाशिवायही तंबूत बाक मिळतो. मैदानात प्रवेश विनामूल्य आहे. मात्र तीन लिटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही. ३ ऑक्टोबरला जर्मन एकीकरण दिनाची सुट्टी असून तो शनिवार आहे, त्यामुळे तोपर्यंत ऑस्ट्रियात, म्हणजे इन्सब्रुक-साल्झबुर्गकडे, पोहोचलेले बरे.

२९ तारीख सुचवण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते मला मनापासून आवडते. १५३९ च्या नियमानुसार बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या प्रांतात आहे तिथे, बिअर फक्त संत मायकेलच्या दिवसापासून, म्हणजे २९ सप्टेंबरपासून, २३ एप्रिलपर्यंतच बनवता येत असे. उन्हाळ्यात बिअर नासत असे आणि भट्ट्यांमुळे आगीचीही भीती असे. म्हणून मार्चमध्ये थोडी कडक बिअर बनवून ती तळघरांत साठवत, तळघरे थंड राहावीत म्हणून वर चेस्टनटची झाडे लावत आणि शरद ऋतूत नव्या हंगामासाठी पिंपे रिकामी करत. खुद्द ऑक्टोबरफेस्टचा उगम १८१० मध्ये बव्हेरियाचा युवराज लुडविगच्या विवाहानिमित्त झालेल्या घोड्यांच्या शर्यतीत आहे; पण या दिवसांत बिअर आणि उत्सव यांची सांगड का बसली, हे या जुन्या नियमावरून कळते.

शनिवारात_राहणारी

इसारकाठ यांच्या सल्ल्याशी मी सहमत आहे. मात्र तंबूत तीन तासांपेक्षा अधिक बसू नका. दुपारनंतर बँडचा आवाज वाढतो आणि तिथली बिअर सुमारे सहा टक्के मद्यार्काची, तीही एक लिटरच्या मगात मिळते. माझे यजमान मद्य घेत नाहीत, पण त्यांचे काही अडले नाही. सफरचंदाचा रस सोड्यात मिसळलेले 'आप्फेलशोर्ले', मोठा ब्रेत्सेल (पीळ घातलेला खारा पाव) आणि 'केझेश्पेत्सले', म्हणजे चीजमध्ये परतलेल्या जाड शेवया, त्यांना आवडले. मागवताना 'मांस नको' हे स्पष्ट सांगावे, कारण अनेक पदार्थांवर डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात.

मित्राला खरा आनंद बिअर गार्डनमध्ये, म्हणजे अशा तळघरांवरच्या झाडांखाली बाक मांडलेल्या बागेत, मिळेल. १८१२ मध्ये राजाने तळघरांपाशी बिअर विकायला परवानगी दिली, पण खाद्यपदार्थ विकायला मनाई केली; तेव्हापासून लोक घरून शिदोरी आणतात आणि पारंपरिक बागांत ती प्रथा आजही चालते. आम्ही मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी उघडली, तेव्हा बाकावरच्या आजींनी आपला मुळा आमच्यापुढे सरकवला. साल्झबुर्गच्या म्युल्न भागातील मठाच्या मद्यशाळेतही, जी १६२१ पासून आहे, असेच मोकळे वातावरण असते. तिथे फळीवरचा दगडी मग आपणच उचलायचा, कारंज्याखाली विसळायचा, पैसे भरायचे आणि लाकडी पिंपातून भरून घ्यायचा. बिअरसाठी माझी पहिली पसंती हीच जागा आहे. साल्झबुर्गची रुपर्टची जत्रा मात्र २४ सप्टेंबरच्या आसपास असल्याने तुमची चुकेल.

इसारकाठ

इन्सब्रुकबद्दल लिहायचे राहिले. १ ऑक्टोबरला गार्मिश आणि मिटनवाल्डमार्गे जाणारी गाडी घ्या. १९१२ चा हा लोहमार्ग डोंगरकुशीतून थेट शहरात उतरतो. शहराच्या मध्यातून निघून अर्ध्या तासाच्या आत हाफेलेकार या डोंगरमाथ्यापाशी, २२०० मीटरहून अधिक उंचीवर, पोहोचता येते. आपले कळसूबाई १६४६ मीटर आहे. याच सुमारास टिरोलमधील, म्हणजे इन्सब्रुकच्या प्रांतातील, गाई उन्हाळी कुरणांवरून गावात परततात. वर असताना कळपात काही अघटित घडले नसेल, तरच त्यांना फुलांचे मुकुट आणि मोठ्या घंटा घालून सजवतात. बैलपोळा पाहिलेल्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. तारखा गावागणिक बदलतात, त्यामुळे पर्यटन कार्यालयात आधी विचारा.

साल्झबुर्गहून म्युनिकला परतताना बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरियाचे एका दिवसाचे रेल्वे तिकीट, घ्या. ते तिथूनही चालते, पण फक्त प्रादेशिक गाड्यांत आणि कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर.

कोथरूडचा_प्रवासी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. झुरिक वगळले. म्युनिक तीन रात्री, इन्सब्रुक दोन, साल्झबुर्ग दोन आणि शेवटची रात्र पुन्हा म्युनिक, असे ठरवले. दोन्ही देशांत चार-चार रात्री होत असल्यामुळे व्हिसाचा अर्ज प्रथम प्रवेशाच्या, म्हणजे जर्मनीच्या, नावे करत आहे. आपला प्रतिसाद मित्राला वाचून दाखवला. गाईंचा भाग त्याने दोनदा वाचायला लावला, आणि ठेपल्यांची जबाबदारी वहिनींनी घेतली आहे.