ताणसामर्थ्याच्या चाचणीत शून्य परिकल्पना कोणती घ्यावी?

प्रश्न
नमस्कार. एका मिश्रधातूच्या सळ्यांचे सरासरी ताणसामर्थ्य ५०० मेगापास्कलपेक्षा जास्त आहे, असा दावा तपासायचा आहे. ९ तुकडे यंत्रावर तुटेपर्यंत ओढले. सरासरी ५०६ आणि प्रमाण विचलन १२ आले. ‘नमुन्याची सरासरी ५०० पेक्षा जास्त आहे’ अशी शून्य परिकल्पना मी मांडली, ती मार्गदर्शकांनी खोडून काढली. नेमके काय चुकले?

उत्तर १
दोन गोष्टी चुकल्या आहेत. परिकल्पना नमुन्याविषयी नसते. ५०६ हा आकडा तर आपल्यासमोरच आहे, त्याची परीक्षा कसली घ्यायची? अज्ञात आहे ती समष्टीची, म्हणजे त्या सगळ्या सळ्यांची सरासरी म्यू. दुसरे असे की, जे सिद्ध करायचे ते पर्यायी परिकल्पनेत जाते आणि बरोबरीचे चिन्ह शून्य परिकल्पनेकडे, म्हणजे पुराव्याने खोडले जाईपर्यंत खरे धरायच्या विधानाकडे, राहते. म्हणून शून्य परिकल्पना ‘म्यू ५०० किंवा त्याहून कमी’ आणि पर्यायी ‘म्यू ५०० पेक्षा जास्त’. कमकुवत माल चांगला ठरवण्याची चूक इथे सर्वांत घातक असल्याने ती घडण्याची शक्यताच ५ टक्क्यांच्या मर्यादेत बांधायची, हे या मांडणीमागचे खरे कारण आहे.

आता १२ ला ९ च्या वर्गमुळाने भागले की प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्याच्या सरासरीतली अपेक्षित चढउतार, ४ येते; ५०६ आणि ५०० मधल्या फरकाला तिने भागले की टी १.५. स्वातंत्र्यमात्रा ८ (तुकड्यांच्या संख्येहून एक कमी) असताना एकपुच्छ, म्हणजे फक्त ‘जास्त’ या एकाच बाजूने पाहणाऱ्या, चाचणीचे सीमामूल्य १.८६० आहे; टी त्याहून लहान आहे, त्यामुळे शून्य परिकल्पना नाकारता येत नाही.

प्रश्नकर्ता
म्हणजे सळ्या कमकुवत असल्याचे सिद्ध झाले का?

उत्तर १
मुळीच नाही, पुरावा अपुरा पडला एवढेच. खरी सरासरी ५०६ आणि विचलन १२ असले, तरी ९ तुकड्यांवरची ही चाचणी निम्म्याहून अधिक वेळा असाच निकाल देईल. अधिक तुकडे घ्यावेत, परंतु त्यांची संख्या आधीच ठरवावी. मनाजोगता निकाल येईपर्यंत तुकडे वाढवत नेले, तर ५ टक्क्यांची मर्यादा नावापुरतीच उरते.

उत्तर २
वरील मांडणी बरोबर आहे, पण मला दाव्याचीच काळजी वाटते. भार सरासरी सळईवर येत नाही, एकेका सळईवर येतो. सामर्थ्याचे वितरण प्रसामान्य (सरासरीभोवती घंटेच्या आकाराचे) धरले आणि सरासरी खरोखरच ५०६, विचलन १२ असले, तर सुमारे ३१ टक्के सळ्या ५०० च्या खाली तुटतील. ज्या मूल्याखाली फक्त ५ टक्के सळ्या येतात, ते सुमारे ४८६ आहे. रचनेच्या आराखड्यासाठी आकडा हवा असेल, तर परिकल्पना म्यूविषयी न मांडता या पाचव्या शततमकाविषयी मांडावी.