पगारी फिजिओथेरपिस्टने ‘सल्लागार’ म्हणून करार करावा का? (मिरज)

मिरजेची फिजिओ

नमस्कार. मिरजेतील एका खासगी रुग्णालयात मी गेली ८ वर्षे ४ महिने फिजिओथेरपिस्ट म्हणून पगारावर काम करते. एकूण पगार ३०,००० रुपये असून त्यातील मूळ वेतन १८,००० आहे. पीएफ आणि व्यवसाय कर वजा जाता २७,६४० रुपये हातात पडतात. गेल्या महिन्यात व्यवस्थापनाने आम्हा तिघींना बोलावून सांगितले, की पुढील महिन्यापासून सर्व थेरपिस्ट ‘सल्लागार’ असतील. आम्ही राजीनामा द्यायचा आणि नव्या करारावर सही करायची. प्रत्येक सिटिंगचे, म्हणजे रुग्णाच्या एका वेळच्या उपचाराचे, ४०० रुपये रुग्णालय घेईल आणि त्यातले २०० आम्हाला देईल.

मी वर्षभराची ओपीडी वही काढून मोजले. माझ्या नावावर १,८६० सिटिंग भरली. फेब्रुवारीत २१२ झाली होती, तर ऑगस्टमध्ये जेमतेम ९६. या हिशेबाने वर्षाला ३,७२,००० रुपये म्हणजे महिन्याला सरासरी ३१,००० होतात, त्यामुळे फायदा दिसतो. मात्र करारात सकाळी ९ ते सायंकाळी ६ हजेरीचा अंगठा लावणे कायम आहे आणि करार संपल्यावर एक वर्ष मिरज-सांगली-कुपवाड हद्दीत प्रॅक्टिस करायची नाही, असेही एक कलम आहे. सही करावी का? ज्यांनी असा बदल केला आहे, त्यांचा अनुभव कळला तर आभारी राहीन.

हिशेबनीस, सातारा

ताई, आपली तुलना एका बाजूने अपुरी आहे. ३१,००० ची तुलना आपण हातात पडणाऱ्या २७,६४० शी केली, पण मालक आपल्यासाठी जे खर्च करतो ते त्या आकड्यात नाही. मूळ वेतनाच्या १२ टक्के म्हणजे २,१६० रुपये दरमहा तो पीएफमध्ये भरतो, वर्षाचे २५,९२० झाले. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, दर वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाची, महिना २६ दिवसांचा धरून, म्हणजे सुमारे १०,३८५ रुपये. वर्षाच्या ३,६०,००० पगारात हे मिळवले तर आपली आजची खरी कमाई ३,९६,३०५ रुपये होते. नवा करार ३,७२,००० देतो. वाढ तर दूरच, आपल्याला २४ हजारांची खोट बसते आहे.

शिवाय व्यावसायिक शुल्कावर १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापला जाईल. म्हणजे सरासरी महिन्याला हातात २७,९०० पडतील, आजच्यापेक्षा फक्त २६० रुपये जास्त. कापलेली रक्कम विवरणपत्र भरल्यावर परत मिळते, कारण एवढ्या उत्पन्नावर कर लागत नाही, पण तोपर्यंत पैसे अडकलेले राहतात. व्यवसाय कराची नोंदणीही आता आपल्याच नावाने करावी लागेल. वर्षाला २,५०० रुपये स्वतः भरायचे. जीएसटीची काळजी मात्र नको, आरोग्यसेवा त्यातून मुक्त आहे.

राजीनामा दिल्यास ग्रॅच्युइटी लगेच देय होते. पाच वर्षांची अट आपण केव्हाच ओलांडली आहे. १८,००० मूळ वेतनावर ८ वर्षांचे सुमारे ८३,००० रुपये होतात आणि ते ३० दिवसांत मिळायला हवेत. हा आकडा सही करण्यापूर्वी लेखी घ्यावा. पीएफ घाईने काढू नका. पीएफसोबतच्या निवृत्तिवेतनासाठी १० वर्षांची सेवा लागते आणि आपली ८ झाली आहे. आजवरच्या सेवेची नोंद असलेले योजना प्रमाणपत्र घेऊन ठेवले तर पुढे कुठे नोकरी लागल्यास ही सेवा जोडता येते.

विश्रामबागकर

मी २०१८ मध्ये असाच पगार सोडून सल्लागार झालो. ६०-४० चा करार होता, साठ टक्के माझे. पहिले वर्ष उत्तम गेले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. मी ज्या ठिकाणी बसत होतो तेथे पाणी आले नव्हते, परंतु सांगलीवाडी, खणभाग आणि गावभागातील रुग्ण येणार कुठून? नंतर घरातला चिखल काढताना कंबर धरलेले लोक आले, पण ते महिनाभराने. तोपर्यंत माझी मिळकत जवळजवळ शून्य होती. पगारावरच्या स्वागतिकेला मात्र पगार मिळाला आणि मी तिच्याकडून दोन हजार उसने घेतले, हे अजून आठवते.

आपल्या वहीतील ९६ चा ऑगस्ट म्हणून नीट पाहा. १९,२०० रुपयांत महिना काढता येईल का? तासगाव-मिरज पट्ट्यातील द्राक्षबागायतदार छाटणीच्या दिवसांत गुडघा कितीही दुखला तरी येत नाहीत, हे आपल्यालाही माहीत असेल. किमान हमी रक्कम मागा, महिन्याला २५,००० तरी, आणि वाटा ६० टक्के. त्याच १,८६० सिटिंगवर ६० टक्क्यांनी ४,४६,४०० होतात. तेव्हा कुठे जोखीम घेण्यासारखी वाटते.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मधुमेही रुग्णाच्या तळपायाला संवेदना नसते आणि वॅक्स बाथचा, म्हणजे गरम मेणाच्या शेकाचा, चटका त्याला कळत नाही. तक्रार झाली तर आजवर रुग्णालय पुढे उभे राहत होते; सल्लागार झाल्यावर ‘त्या स्वतंत्र व्यावसायिक आहेत’ असे म्हणायला ते मोकळे होतात. व्यावसायिक जबाबदारीचा विमा स्वतःच्या नावाने काढा आणि राज्य परिषदेची नोंदणी चालू आहे ना, तेही पाहा.

कराडची वकील

अंगठ्याविषयी लिहिते. कोण किती वाजता येईल, कोणता रुग्ण कोणाकडे जाईल आणि काम कसे करायचे, हे सारे एकाच बाजूने ठरत असेल, तर कागदावर ‘सल्लागार’ लिहिल्याने नोकरीचे स्वरूप आपोआप बदलत नाही. काम कसे करायचे यावर नियंत्रण कोणाचे, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकापासून लावली आहे. म्हणून वेळ त्यांची हवी असेल तर पीएफही त्यांनी भरावा, आणि पीएफ नको असेल तर वेळ आपली राहू द्यावी, असे सरळ बोलावे. करार संपल्यानंतरची प्रॅक्टिसबंदी भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकणे अवघड आहे. तरीही ते वाक्य खोडून घ्यावे; टिकत नसलेल्या कलमाचीही नोटीस येते आणि दोन महिने झोप जाते. आणखी एक. आपल्यापैकी कोणी मूल होऊ देण्याच्या विचारात असेल तर २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा कर्मचाऱ्यालाच मिळते.

मिरजेची फिजिओ

सर्वांचे मनापासून आभार. शेवटचे वाक्य वाचून आमच्यातील सर्वांत धाकटी सहकारी आज दुपारी काही बोललीच नाही. तिचे लग्न मे महिन्यात झाले.

आम्ही तिघींनी एकत्र जायचे ठरवले आहे. ग्रॅच्युइटीचा आकडा लेखी, साठ टक्के, पंचवीस हजारांची हमी आणि बंदीचे कलम खोडणे, एवढे मागणार आहोत. हमी मान्य नसेल तर अंगठा लावणार नाही, सकाळी ९ ते १ बसू आणि दुपारी घरी जाऊन पाहण्याचे रुग्ण घेऊ. ओपीडी वहीच्या बारा महिन्यांच्या झेरॉक्स आजच काढून घेतल्या, कारण सोमवारनंतर ती वही कपाटात कुलूपबंद होईल असे स्वागतिका म्हणाली.

हिशेबनीस, सातारा

झेरॉक्स काढलीत ते फार बरे केलेत, पण रुग्णांची नावे झाकून मगच कोणाला दाखवा. पगाराच्या पावत्या आणि पीएफ पासबुकही आजच उतरवून ठेवा.