‘जीवाश्म इंधन’, ‘बंद करणे’ आणि ‘कमी करणे’: नेमके शब्द कोणते?

अंबाजोगाई
आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा घेतेय. विषय ‘जीवाश्म इंधनांचे भवितव्य’. मुलं तयारी मन लावून करताहेत, पण शब्दांपाशीच अडखळतात. एका मुलीने ‘जीवाश्म’ आणि ‘जैव’ एकच धरून उसाच्या इथेनॉलवर बंदी मागितली. एकाने ‘ऊर्जा धोरण’ या मथळ्याखाली फक्त कृषिपंपाच्या वीजबिलाबद्दल लिहिलं. आणि ‘टप्प्याटप्प्याने बंद’ व ‘टप्प्याटप्प्याने कमी’ हे तर सगळ्यांच्याच भाषणात अदलून बदलून आलंय. या शब्दांचा वापर कसा करावा, जाणकारांनी सांगावं.

लातूर
मॅडम, ‘जीवाश्म’ म्हणजे जीव अधिक अश्म, दगड झालेला जीव. ‘फॉसिल’ या इंग्रजी शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ मात्र ‘खणून काढलेले’ असा आहे. त्या अर्थाने आपला जुना ‘खनिज’ हा शब्दच मुळाच्या जास्त जवळचा. ‘खनिज तेल’ आपण आजही म्हणतो. तरीही ‘खनिज इंधन’ म्हटलं की युरेनियमही त्यात येऊन बसतं, कारण तेही खाणीतूनच निघतं. म्हणून ‘जीवाश्म’ ठेवावा, आणि मुलांना त्याचा अर्थ काळाच्या हिशेबात सांगावा.

परळीच्या वीज केंद्राला येणारा दगडी कोळसा आपल्या मातीतला नाही. मराठवाडा बसाल्टवर बसलाय, इथे कोळशाची खाण नाही. कोळसा विदर्भातून आणि तेलंगणातून रेल्वेने येतो. सुमारे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतली झाडं गाडली जाऊन तो तयार झाला. तो जाळला की तेव्हापासून जमिनीत अडकलेला कार्बन आज हवेत येतो. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जळतो, त्यातला कार्बन उसाने मागच्या वर्षा-दीड वर्षात हवेतूनच घेतलेला असतो. जीवाश्म आणि जैव यांतला फरक एवढाच, पण सगळा वाद त्याच्यावर उभा आहे. कमी पावसाच्या भागात इथेनॉलसाठी ऊस लावावा का, हा पाण्याचा प्रश्न आहे आणि तो खरा आहे. तो त्या मुलीने जरूर मांडावा, फक्त ‘जीवाश्म’ या शब्दाखाली नको.

जाता जाता: हॉटेलच्या भट्टीत जळतो तो लोणारी कोळसा लाकडाचा. तो जीवाश्म इंधन नाही. नुसतं ‘कोळसा’ लिहिलं की इथेही घोटाळा होतो.

परळी
मी थर्मलमधून निवृत्त झालो. (परळीत ‘औष्णिक विद्युत केंद्र’ कुणी म्हणत नाही, थर्मल.) ‘बंद’ या शब्दाबद्दल मला बोलायचंय.

आमच्याकडे ‘संच बंद’ (संच म्हणजे वीज तयार करणारं एक युनिट) याचे तीन वेगळे अर्थ होतात. वार्षिक देखभालीसाठी बंद, तो पुन्हा चालू होतो. पाण्याअभावी बंद, तसं 2013 ला झालं आणि 2015 ला पुन्हा झालं. कोळसा यार्डात पडून आणि संच थंड, कारण थंडाव्याला आणि वाफेला लागणारं पाणी नाही. आणि तिसरा, कायमचा बंद. 1971 ला सुरू झालेला 30 मेगावॉटचा पहिला संच, त्याच्या जोडीचा दुसरा, पुढे 210 चे संच, हे असे गेले. आज 250 मेगावॉटचे तीन संच आहेत. वर्तमानपत्रात ‘परळी केंद्र बंद’ असा मथळा आला की गावात घराघरात काय होतं ते मी पाहिलंय. कंत्राटी कामगार, चहाची टपरी, राख उचलणारे ट्रक, राखेच्या विटा पाडणारे, सगळ्यांच्या पोटाशी तो शब्द येऊन थांबतो. म्हणून मुलांना सांगा, ‘बंद’ लिहायचं तर कोणता बंद, कशामुळे आणि कधीपर्यंत, हे त्याच वाक्यात लिहा.

लातूर
काकांचं म्हणणं जगाच्या पातळीवरही तसंच लागू आहे. 2021 च्या ग्लासगो हवामान परिषदेत मसुद्यात कोळशाचा वापर टप्प्याटप्प्याने ‘बंद’ असं होतं. शेवटच्या तासांत भारताने आग्रह धरला आणि तिथे ‘कमी’ आलं. त्या एका क्रियापदासाठी जवळपास दोनशे देश अडून होते, आणि आपण मराठीत ते सहज अदलाबदल करतो! शिवाय ते वाक्य सरसकट कोळशाबद्दल नव्हतं, ज्याचा धूर अडवून कार्बन वेगळा काढला जात नाही अशा कोळशाच्या विजेबद्दल होतं. 2023 च्या दुबई परिषदेत तिसराच प्रयोग आला. तिथे सगळ्या जीवाश्म इंधनांचा उल्लेख आहे, पण ‘बंद’ही नाही आणि ‘कमी’ही नाही. ‘त्यांच्यापासून दूर जाणे’ असं भाषांतर मला बरं वाटतं. ‘संक्रमण’ नको, करोनानंतर तो शब्द ऐकला की लोकांना रोगच आठवतो. ‘स्थित्यंतर’ चालेल.

अजून एक जोडी सांभाळायला हवी: ‘क्षमता’ आणि ‘निर्मिती’. देशाच्या स्थापित क्षमतेत (म्हणजे सगळे संच पूर्ण चालले तर जेवढी वीज होऊ शकेल त्यात) बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा 2025 च्या मध्यात निम्म्यावर आला. 2030 चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं, हे मोठंच काम. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून 70 टक्क्यांच्या आसपास आहे. सूर्य रात्री नसतो, वारा रोज सारखा नसतो. ‘निम्मी वीज सौर झाली’ असं एकाही मुलाच्या भाषणात येऊ देऊ नका. ‘बिगर-जीवाश्म’मध्ये अणुऊर्जा आणि मोठी धरणंही येतात.

हिंगोली
सर, तुमचं सगळं पटलं. पण आमच्याकडं ‘वीज’ बी कुणी म्हणत नाही, ‘ऊर्जा’ तर लांबच. लाईट. घरात बल्ब जळायला असला तरी माणूस इचारतो, ‘लाईट आली का?’ म्हणजे मोटारीची, थ्री फेज. कोळसा असो का सौर, शेतकऱ्याला पायजे दिवसाची लाईट. रात्री पाणी द्यायला जायचं म्हणजे इचूकाट्याची भीती असती. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला बिल माफ हाय, पण बिल माफ झालं म्हणून रात्र काय दिवस होत नाही. सौर पंपाचं लोकांना पटायलंय ते ह्यासाठी, हवामानासाठी नाही. हे बी भाषणात यावं.

आन दुसरं. माझ्या घरी सिलेंडर हाय, पण पाणी तापवायला पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्याच. त्याला आम्ही जळण म्हणतो. ते तुमच्या ऊर्जा धोरणात कुठं बसतं?

लातूर
दादा, तिथेच तर बसायला हवं. ऊर्जा म्हणजे चूल, ट्रॅक्टरचं डिझेल, एसटी, कारखाना, सगळं. वीज हा त्यातला एक भाग. आणि तुमच्या गोवऱ्या तर सर्वांत पारंपरिक. सरकारने मात्र ऊन-वाऱ्याला ‘अपारंपरिक’ म्हटलं आणि कोळशाला ‘पारंपरिक’. केंद्रातल्या खात्याच्या नावातून तो शब्द 2006 ला गेला, मराठी पाठ्यपुस्तकांच्या भाषेतून अजून जायचाय. ज्या भागात उन्हात धान्य वाळवणं आणि वाऱ्यावर उपणणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, तिथल्या मुलांनी ऊन-वाऱ्याला अपारंपरिक म्हणावं हे मला खरोखर खटकतं. ‘अक्षय ऊर्जा’ म्हणा.

अंबाजोगाई
सगळ्यांचे मनापासून आभार. विषय बदलते: ‘परळीतील कोळशाचे संच 2040 पर्यंत कायमचे बंद करून त्या जागी अक्षय ऊर्जा आणावी.’ काका, चालेल?

परळी
चालेल ताई. ‘कायमचे’ टाकलंत ते बरं केलं. बाजूने बोलणाऱ्यांना कंत्राटी कामगारांचं विचारा, विरोधात बोलणाऱ्यांना राखेचं आणि पाण्याचं.