कापूस अनुदानाची यादी चावडीवर लावायची की नाही?

फरदड: सकाळी इथे एका दादांनी लिहिलं, "पाच-दहा हजारांसाठी शेतकऱ्याचं नाव फलकावर टांगायचं म्हणजे त्याची इज्जत काढायची." तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून जरा लांबलचक लिहितो. 2023 च्या खरिपाचे हेक्टरी 5,000, तेही दोन हेक्टरपर्यंतच. सातबारा ऑनलाइन, पीकपेरा (कोणतं पीक किती क्षेत्रात) त्याच्यावरच. गुणाकार शाळेतलं पोरगंही करेल. मग झाकायचं काय उरलं? पैसे सुटले का आणि कोणाच्या खात्यात, एवढंच. आमच्याकडे ज्या वावरात गाजरगवताशिवाय काही उगवलं नाही तिथले जमा झाले, आणि शेजारी तीन वेचण्या करणारा अजून कृषी सहायकामागे फिरतोय. माहिती अधिकाराचं कलम 4 वाचा. अनुदानाचे लाभार्थी कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचे असतात.

उधारीखाता: कलमं आम्हालाही येतात. आमच्या गावात आधार वापरायच्या संमतीपत्रांसाठी यादी लागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कृषी केंद्रवाला वही घेऊन ओट्यावर. बाबा तोंड धूत होते. "भाऊ, तुमचं नाव पाहिलं म्हटलं." पैसे यायला अजून महिने होते! तुमची पारदर्शकता वसुलीवाल्याच्या कामी येते.

फरदड: बियाणं-खत उधार नेलं तेव्हा गावाला दिसलं नव्हतं का?

उधारीखाता: हे बोलणं बाबांसमोर येऊन बोला.

ठोकेकरी: तुमचं चालू द्या. यादीत माझं नाव नाही आणि लावली तरी नसणार. सहा एकर ठोक्याने करतो, म्हणजे मालकाला ठरलेली रक्कम देऊन. डवरणी माझी, फवारणी माझी, गुलाबी बोंडअळीने खाल्लेली बोंडंही माझीच. पैसे मालकाला. मालक पुण्यात. पाऊस किती झाला हे तो मलाच फोन करून विचारतो.

सातबारा_पुणे: तो पुण्यातला मालक म्हणजे आमच्यासारखाच कुणी, म्हणून बोलतो. जमीन आमची, कर्ज आमच्या नावावर. ठोक्याची रक्कम ठरवताना अनुदानाचा विषय निघाला होता का?

ठोकेकरी: कागद करू म्हटलं की तुम्हीच घाबरता, कूळ लागेल, कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क येईल म्हणून! तोंडी व्यवहार तुम्हाला हवा आणि पुरावा मी आणायचा?

सातबारा_पुणे: कुळाची भीती खरी आहे. नाकारत नाही.

ठोकेकरी: आभारी आहे, साहेब. पाच हजारांत तेवढं तरी मिळालं.

सामायिक_सात: ठोक्याचं वेगळ्या धाग्यात घ्या ना राव. (घेणार नाहीत, माहितेय.) आमच्या सातबाऱ्यावर सात नावं. सामायिक खातं म्हणून ना हरकत पत्र हवं. एक आत्या सुरतला. तिचा अंगठा आणायला गेलो, रेल्वेचं भाडं, दोन दिवसांचा रोज बुडाला. परत आलो तर आधारवर "सुमन", सातबाऱ्यावर "सुमनबाई". अडकलं. यादीत "प्रलंबित" आणि कारण लिहिलं असतं तर एवढ्या चकरा वाचल्या असत्या. मला शेजाऱ्याची रक्कम नको, माझं कारण हवंय.

उधारीखाता: हे मात्र पटलं. कारण लिहा. नाव लिहू नका.

फरदड: नाव नसेल तर कारण कोणाचं, हवेचं? आणि गाजरगवतवाला सापडणार कसा?

उधारीखाता: गट नंबर टाका.

फरदड: गट नंबरवरून नाव काढायला गावात कितीसा वेळ लागतो! पण ठीक. गट नंबर, रक्कम, तारीख, अडलं असेल तर कारण. आधार आणि खाते क्रमांक नको हे तर मी आधीपासून म्हणतोय.

उधारीखाता: आधीपासून कुठे? वर जाऊन स्वतःचंच वाचा.

फरदड: बरं, आत्तापासून. खूश?

ठोकेकरी: गट नंबर टाकला तरी पैसे पुण्यालाच जाणार ना?