अंतर तेच असेल तर व्यस्त प्रमाण वापरा

वेग-वेळ-अंतराचा त्रिकोण (अंतर = वेग × वेळ हे सूत्र लक्षात ठेवायची आकृती) पाठ असला की कुठलंही उदाहरण सुटतं, हे मत मला अर्धंच पटतं. त्रिकोण हवाच, पण अंतर दिलेलंच नसतं तिथे मुलं अडून बसतात. 'नेहमीच्या पाऊणपट वेगाने गेल्यास २० मिनिटं उशीर होतो, तर नेहमी किती वेळ लागतो?' हे घ्या. क्ष मानून पानभर समीकरणं मांडायची गरजच नाही. अंतर तेच, म्हणून वेग आणि वेळ व्यस्त प्रमाणात. वेग ३/४ झाला की वेळ ४/३ होणार, म्हणजे आधीपेक्षा एक तृतीयांश जास्त. तेवढाच भाग २० मिनिटांचा, म्हणून उत्तर ६० मिनिटं.

सरासरी वेगातही हेच व्यस्त प्रमाण विसरलं की नडतं. जाताना ताशी ४० किमी, परतताना ६०, तर सरासरी ४८ येते, ५० नव्हे. कारण कमी वेगाच्या प्रवासात जास्त वेळ जातो.