वाड्याची डागडुजी, जीर्णोद्धार की आणखी काही?

ठाण्यातल्या जुन्या वाड्यांच्या मालकांसाठी चार पानी माहितीपत्रक करतेय. 'प्रिव्हेंटिव्ह कॉन्झर्व्हेशन'पाशी गाडं अडलंय. 'प्रतिबंधात्मक संवर्धन' लिहिलं, तर घरात विचारलं, "वाड्याला लस टोचणार का?" अर्थ एवढाच, की बिघाड होण्याआधी दरवर्षी इमारत पाहायची, पन्हळी मोकळ्या ठेवायच्या, भिंतीतला पिंपळ दोन पानांचा असतानाच उपटायचा. शब्द सुचवा.

प्रतिसाद १
आधी 'संवर्धन' काढा. पशुसंवर्धन, वृक्षसंवर्धन ठीक, कारण तिथे वाढ हवीच असते. वाड्यावर मजले वाढवायला ठाण्यात बिल्डर आहेतच की. 'जतन' चालेल.

प्रतिसाद २
डागडुजी?

प्रतिसाद ३
डागडुजी मोडल्यावर करतात. जीर्णोद्धाराचं तर नावच सांगतं, आधी जीर्ण व्हायला हवं. शिवाय त्यात पुण्य आहे. ठाण्यातल्याच कौपीनेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार १८७९ साली लोकवर्गणीतून झाला. पण पन्हळ साफ करायला वर्गणी निघालेली कुणी पाहिलीय? तिची कोनशिला बसत नाही ना.

प्रतिसाद ४
आमच्याकडे याला 'शाकारणी' म्हणायचे. चरईतल्या आमच्या कौलारू घरावर मे महिन्यात एक म्हातारे गडी चढायचे. प्रत्येक कौल उचलून बोटाच्या पेराने टकटक करायचे. खणखणीत वाजलं तर परत जागेवर, बद्द वाजलं तर खाली आमच्या हातात. बद्द कौलाला बारीक चीर असते, डोळ्यांना दिसतही नाही. पण पावसाळाभर तिथून थेंब थेंब पाणी वाशावर पडतं आणि दोन-चार वर्षांत वासा कुजतो. कौल बदलायला काही रुपये लागायचे, वासा बदलायचा तर अर्धं छप्पर उतरवावं लागायचं. पुढे माणूस मिळेना म्हणून शाकारणी थांबली, आणि व्हायचं तेच झालं. आता तिथे सात मजले आहेत.

मूळ प्रश्नकर्ती
शाकारणी सुंदरच. पण ती छपराची. भिंतींचं काय?

प्रतिसाद ३
भिंतींना 'निगा'. हा फारसी 'निगाह'वरून आला, म्हणजे नजर. 'निगा राखणे' म्हणजे मुळात नजर ठेवणे. नेदरलँड्समध्ये १९७३ पासून 'मोन्युमेंटनवाख्त' नावाची व्यवस्था आहे. तिचे निरीक्षक ठरावीक काळाने जुन्या इमारतींवर चढतात, सटकलेलं कौल तिथल्या तिथे बसवतात आणि मालकाला अहवाल देतात. 'वाख्त' म्हणजे पहारा. म्हणजे डचांनाही दुरुस्तीआधी नजरच सुचली.
पत्रकात एक गोष्ट ठळक लिहा. निगेच्या नावाखाली चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. मग लोणा फुटतो, म्हणजे भिंतीवर पांढरा खार येतो, दगड-विटांचे पापुद्रे सुटतात. दरजा, म्हणजे दगड-विटांमधल्या फटी, भरायच्या त्याही चुन्यानेच. आणि पिंपळ नुसता छाटलात तर मूळ आत जाड होत राहतं.

प्रतिसाद २
निविदेत 'निगा' लिहाल तर बिल अडकेल. तिथे 'देखभाल व दुरुस्ती'च लागतं. अनुभवाचे बोल आहेत.

प्रतिसाद १
देखभालीतही 'देख' आहेच. पण तो शब्द लिफ्ट आणि पाण्याच्या पंपापायी पार झिजला. सोसायटीच्या नोटिशीत तर त्याचा अर्थ फक्त पैसे भरा.

मूळ प्रश्नकर्ती
ठरलं. मथळा 'जुन्या वास्तूंची निगा', मे महिन्याच्या चौकटीत 'शाकारणी', आणि 'जीर्णोद्धार' फक्त शेवटच्या पानावर. आता एकच सांगा, 'पन्हळ' ती की ते? मुद्रितशोधकाने 'पन्हळ चोंदलं' करून ठेवलंय.

प्रतिसाद ४
ती पन्हळ, ते पन्हाळे. आमची तर दर जूनला चोंदायचीच, शेजारच्या बदामाच्या पानांनी.