जळालेली नॉटोवे हवेली पुन्हा बांधावी का?

दगडविटा: १५ मे २०२५ रोजी अमेरिकेत लुइझियानातली नॉटोवे हवेली जळून गेली आणि लोक 'बरं झालं' म्हणू लागले. मला ते पटत नाही. ऊसमळ्यांचा मालक जॉन हॅम्प्डन रँडॉल्फ याने ती १८५९ मध्ये पुरी केली. वास्तुकार हेन्री हॉवर्डने ग्रीक आणि इटालियन धाटणीचा सुरेख मेळ घातला होता. ६४ खोल्या, मिसिसिपीकडे तोंड केलेले सज्जे, गोलाईचं शुभ्र नाचघर. त्या काळात घरात नळाचं पाणी आणि गॅसचे दिवे! यादवी युद्धाआधीची एवढी मोठी हवेली दक्षिणेत दुसरी उरली नव्हती. होती तशी पुन्हा उभी करा.

नदीकाठ: विटा कोणी भाजल्या, सायप्रसचे ओंडके कोणी ओढले, तेही लिहा ना. १८६० मध्ये रँडॉल्फकडे १५५ गुलाम होते. युद्ध जवळ आलं तेव्हा गुलाम हातचे जाऊ नयेत म्हणून त्याने त्यांना टेक्सासला नेलं. आणि अलीकडे त्याच अंगणात लग्नं लागत होती. मला तर वाचूनच अंगावर काटा येतो.

दगडविटा: पण मग ती कारागिरी त्यांचीच ना? आगीत तीही गेली.

नदीकाठ: गेली, आणि त्याचं मलाही वाईट वाटतं. पण नवे गवंडी नव्या विटा लावतील, त्यात त्यांचा हात कुठे असेल? परत येईल तो फक्त मालकाचा थाट.

जुने कागद: १८६० च्या गुलामांच्या शिरगणतीत मालकाचं नाव असतं, गुलामांचं फक्त वय, लिंग आणि वर्ण. नावं शोधावी लागतात ती खरेदीखतांत, वारसांच्या वाटण्यांत. इतिहासकार ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी लुइझियानातल्या एक लाखाहून अधिक गुलामांच्या नोंदी अशाच गोळा केल्या. लुइझियानातल्याच व्हिटनी मळ्यावर आता गुलामांच्या आयुष्याविषयीचं संग्रहालय आहे; २०१४ मध्ये खुल्या झालेल्या त्या जागी ती नावं दगडी भिंतींवर कोरली आहेत. नॉटोवेच्या जागी आधी हे व्हावं.

दगडविटा: व्हिटनीत मालकाचं घरही उभं आहे! घर आणि खोपी शेजारी दिसल्या की अन्याय केवढा होता ते कळतं. नुसत्या नावांनी ते कळेल?

नदीकाठ: ते घर मूळचं आहे, म्हणून जपायलाच हवं. नॉटोवेत आता बांधाल तो देखावा असेल. उरलेला पाया आणि विटा आहेत तशा राखा, आणि बांधकामाचा पैसा त्या १५५ जणांची नावं शोधायला द्या.